शंभरातल्या सहा

—नाही हो, चुरगळू नका तो कागद. मीही चुरगळला होता, गेल्या वर्षी, ह्याच बाकावर. बघू... बावीस? माझे अठरा होते. शंभर चेहरे छापलेले, त्यातले अठरा लाल — आणि ती बांग आडनावाची डॉक्टरीणबाई, माझ्या लेकीच्या वयाची, मला म्हणते, "बाबा, तुमच्यासारखी शंभर माणसं घेतली तर दहा वर्षांत अठरा जणांना हृदयाचा झटका येईल." म्हटलं, त्या अठरांत मी आहे का, तेवढंच सांगा. म्हणाली, ते कुणालाच सांगता येत नाही. झालं! भडकलोच मी. म्हटलं, सांगता येत नाही तर इतकी वर्षं शिकलात काय?

त्याच दिवशी माझ्या बायकोचा, ग्येसुनचाही कागद काढला. तिचे सहा. फक्त सहा! वान्दो बेटावर घरी पोचेपर्यंत चिडवत होतो — तू काय बाई, मला स्मशानात पोचवूनच येशील. ती म्हणाली, "अहो, आधी गोळ्या घ्या, मग मरा." घेतल्या हो, रोज. सिगारेट सोडली. घरात सगळी धास्ती माझ्याच छातीची — जिना चढलो, नाडी बघ. ढेकर आला, नाडी बघ. तिच्याकडे कोण बघतंय? ती सहावाली.

फेब्रुवारीत आम्ही दोघं शेवाळ वाळत घालत होतो. समुद्रातलं, खायचं. ती मध्येच खाली बसली — पोटात गच्च झालंय म्हणाली, पाठीत आवळतंय. म्हटलं, अपचन, सकाळी गार भात खाल्लास ना. अंगठ्याला दोरा बांधला, सुई टोचली, अपचनावर माझी आई करायची तसंच. काळं रक्त आलं. बघ, म्हटलं, निघालं! ती घामानं निथळत होती. "ॲम्ब्युलन्सला, एकशे एकोणीसला फोन करा ना," म्हणाली. आणि मी — मी काय म्हणावं? "अगं, शंभरातल्या सहा! तुला काय होतंय?" दोन तास, भाऊ. दोन तास तिची पाठ चोळत बसलो मी.

झटकाच होता तो. वाचली. पण हृदयाचा जो भाग गेला तो गेलाच. दहा पावलं चालते आणि भिंत धरते.

सगळे म्हणतात, तुम्हाला काय माहीत, बायकांना असं पोटात, पाठीत दुखतं म्हणून. खरंच की, मला काय माहीत... माहीत होतं हो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ग्येसुन औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा. छातीतच दुखेल असं नाही म्हणाल्या, पोट, पाठ, जबडा — घाम सुटला तर थांबायचं नाही, फोन करायचा. "घरी गेल्यावर ग्येसुनबाईंना नक्की सांगा हं." मी मान डोलावली. लक्ष सगळं त्या अठरांवर! नाही सांगितलं. रस्त्यात नाही, घरी नाही, दवाखान्यात तिच्या उशाशी बसून नाही. अजून नाही. आणि आता ती आत बसलीय डॉक्टरीणबाईंसमोर, एकटी — म्हणाली, तुम्ही थांबा बाहेर, तुम्ही उगाच घाबरता — त्यांनी तिला विचारलं तर? माझ्या छातीचं काही नाही हो आता, होईल ते होईल...

तुम्ही एक करा. बायकोला घेऊन जा आत. दोघांनी ऐका. हा कागद तुमचा एकट्याचा— गप्प, गप्प. दार उघडलं. तुम्ही काही ऐकलेलं नाही. तिकडे बघा.

झालं का गं? काय म्हणाल्या? ये, बस आधी. बस ना. अशी काय बघतेस? ग्येसुन? काय — काय विचारलं त्यांनी तुला?