भास्करची जीप आणि माझी परीक्षा

चहा घ्या, सांगतो. मागं माझ्या लायसन्सची मुदत संपायला आठवडा राहिला होता. वय बहात्तर. ते वाढवून घ्यायला कंधारहून नांदेडला आरटीओत जायचं होतं. माझा पोरगा भास्कर म्हणाला, "बाबा, या वयात कशाला लायसन्स? आता जीप मी चालवत जाईन." त्या दिवशीही त्यानंच चालवली. मी शेजारी बसलो.

आरटीओच्या साहेबांनी माझं वय पाहिलं. "बाबा, मैदानात एक चक्कर मारून दाखवा."

मी चप्पल काढून बाजूला ठेवली. गाडी मी अनवाणीच शिकलो. क्लच तळपायाला कळतो.

भास्कर कानाशी पुटपुटला, "चप्पल घाला हो. लोक हसून राहिले."

"हसू दे."

चक्कर मारली. दोन खांबांमधून जीप उलटी घेतली, कुठंच धक्का लागला नाही. साहेब म्हणाले, "पास."

तरी भास्कर मधे पडलाच. "साहेब, लई वय झालंय त्यांचं. देऊ नका."

"गाडी इथवर कोणी आणली?"

"मीच की."

"मग तुमचं लायसन्स दाखवा."

त्यानं ऐटीत पाकिटातून काढून दिलं. साहेबांनी तारीख पाहिली. "हे संपून दोन वर्षं झाली. आता परीक्षा तुम्हाला द्यावी लागेल."

निघताना तो सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेला. मी हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली.

"शेजारी बस," मी म्हणालो. "आणि चप्पल काढून बस."