रशीदचाचांनी मागं घेतलेली विकेट

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजी मोकळी आहे. रेहानाचाची, अस्लमभाई, तुळजापूरहून आलेले पाहुणे, आपल्या लीगचे सगळे खेळाडू, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला उभं केलंय. मी बालाजी. स्टँडजवळ मोटारसायकली दुरुस्त करतो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतो, पण चार माणसांत बोलायची सवय नाही. आणि आज तर रशीदचाचांवर बोलायचंय. चाचा गेले, हे तोंडातून निघतच नाही. गेल्या आठवड्यात सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकले, आणि संपलं. चाची म्हणाल्या, "त्रास न्हाय झाला बघ, बालाजी. हासत होते आत्ताच." असं जाणं किती जणांच्या वाट्याला येतं?

चाचा एस.टी.त कंडक्टर होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रिटायर झाल्यावर पांढरा कोट चढवला आणि अंपायर म्हणून उभे राहिले. आपल्या जिल्ह्याची लीग सुरू झाली, बोली लावून खेळाडू घेतले जाऊ लागले, खेळाडूंना मानधन मिळू लागलं, तेव्हापासून प्रत्येक फायनलला मधोमध चाचाच. आपल्या तेरची टीम फायनलला असली तरी समोरचे म्हणायचे, "तेरचे असले म्हणून काय झालं? चाचाच पाहिजेत."

मग तो हंगाम आला. टीव्हीवरच्या मोठ्या लीगनं नियम बदलले, म्हणून आपल्या कमिटीनंही बदलायचं ठरवलं. धाराशिवला मीटिंग झाली. मी तिथं होतो. पहिला नियम वाचला, इम्पॅक्ट प्लेअर. मॅच चालू असताना एक खेळाडू बाहेर, दुसरा आत. चाचा म्हणाले, "याला आमच्या डेपोत बदली म्हणत्यात. ह्यात नवीन काय हाय?" सगळे हसले. दुसरा नियम, एका ओव्हरला दोन बाउन्सर. चाचा म्हणाले, "टाका, डोकं पोरांचं हाय." परत हशा. मग तिसरा नियम आला. वाईड आणि नो बॉलवरसुद्धा खेळाडूंना रिव्ह्यू मागता येईल. दोन कॅमेरे लावायचे, तंबूत लॅपटॉप, आणि तिथं थर्ड अंपायर.

चाचा हसले नाहीत. उठून उभे राहिले.

"माझ्या नो बॉलवर पोरं बोट ठेवणार? मग मला उन्हात कशाला उभं करता? खांब रोवा एक."

लई वाद झाला. मतदान झालं. चाचा हरले. आम्हाला वाटलं, आता हे यायचे नाहीत. पण पुढच्या सोमवारी माझ्या दुकानात आले, नियमांचा कागद हातात. म्हणाले, "वाच रे, बारीक अक्षर हाय." मी वाचला. त्यांनी तीनदा वाचून घेतला. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला तर पटलं नव्हतं ना?"

"डेपोवाले थांबा बदलायचे तवा मला इचारून बदलत न्हवते, बेटा. पण घंटी म्या नव्या थांब्यावरच मारायचो."

मंडळी, आता मी जे सांगणार आहे, ते इथल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, ते फक्त मला आणि चाचांना माहीत होतं.

त्या हंगामाची फायनल. तेर आणि तुळजापूर. आपलंच मैदान, आपलीच माणसं. शेवटचा चेंडू, तुळजापूरला दोन धावा हव्यात, तेरकडून बॉलिंगला मी. मी चेंडू टाकला, तो फुलटॉस गेला. बॅट्समननं घुमवला, कॅच उडाला, घेतला. चाचांनी बोट वर केलं. आम्ही जिंकलो! पोरं मैदानात घुसली, हलगी वाजायला लागली.

आणि तुळजापूरच्या कॅप्टननं हातानं रिव्ह्यूची खूण केली. त्याचं म्हणणं, चेंडू कमरेच्या वर होता, नो बॉल.

तंबूत थर्ड अंपायर होत्या वर्षा मॅडम. सास्तूरच्या, शाळेत शिकवतात, त्यांचा पहिलाच हंगाम. आज त्या इथं बसल्या आहेत. मॅडम, तुम्ही नंतर मला सांगितलं होतं, लॅपटॉपवर चेंडू पहिल्यांदा बघितला तेव्हाच दिसलं होतं, तरी तुम्ही चारदा बघितलं. मग वॉकीटॉकीवर म्हणालात, "चाचा, कमरेच्या वर आहे. तुमचा निर्णय बदलावा लागेल."

 गाव चाचांचं. टीम गावाची. आणि चूक चाचांची. काय केलं असतं हो आपण? चाचांनी काय केलं? दोन्ही हात उलट्या खांद्यांना लावले. निर्णय मागं घेतल्याची ती खूण. मग नो बॉलचा हात आडवा केला. बॅट्समनला हाक मारली, "या परत."

नो बॉलची एक धाव त्यांना मिळाली, बरोबरी झाली. पुढच्या चेंडूवर त्यांनी एक धाव काढली. आम्ही हरलो.

मी चाचांच्या अंगावर गेलो, मंडळी. ज्या माणसानं मला लहानपणापासून फुकट कोचिंग दिलं, त्याच्या अंगावर. म्हणालो, "नजर गेलीय तुमची! घरी बसा आता!" भर मैदानात. लोकांनी मला ओढून नेलं.  चाचांनी स्टंपवरच्या बेल्स उचलल्या, खिशात घातल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर चाचा दारात. मला वाटलं, आता कान उपटणार. ते बाकड्यावर बसले. म्हणाले,

"तू काल बोललास ते खरं हाय, बालाजी. उजव्या डोळ्याला धुकं दिसतंय. वर्ष झालं. कुणाला बोललो न्हाय. रेहानाला बी न्हाय. म्हणून तर मला तो नियम नको होता. कॅमेरा आला की मी उघडा पडणार, हे मला ठाऊक होतं."

 मग मीही खरं बोललो. म्हणालो, "चाचा, चेंडू हातातून निसटला, तेव्हाच मला कळलं होतं नो बॉल आहे म्हणून. तरी मी नाचलो. आणि वर तुम्हालाच बोललो. चुकलं माझं."

चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि असे हसले, असे हसले, की शेजारचा पानवाला बाहेर आला. "म्हंजे दोघं बी चोर! चहा सांग."

त्या महिन्यात मीच त्यांना मोटारसायकलवर डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेलो. पट्टी निघाल्यावर पहिलं काय म्हणाले, सांगू? "बालाजी, तुझं पोट लई सुटलंय रे!"

पुढच्या हंगामात नजर चांगली असूनही चाचा मैदानात उतरले नाहीत. कमिटीला म्हणाले, "मधी मॅडम उभ्या राहतील. मी तंबूत बसतो." कुणीतरी कुरकुर केली, बाईमाणूस, खेळाडू ऐकतील का? चाचा म्हणाले, "माझ्या गावात, माझ्या तोंडावर, माझी चूक सांगितली त्यांनी. तुमच्यात हाय का कुणी असं?" कमिटीनं मॅडमचं नाव लिहून टाकलं.

ती फायनल वर्षा मॅडमनी केली. चाचा तंबूत लॅपटॉपसमोर, पंख्याखाली, हातात खारे शेंगदाणे. मी मध्येच डोकावलो तर म्हणतात, "लई झ्याक नियम हाय हा. उगाच भांडलो." आणि मॅडमचा एकही निर्णय बदलायची वेळ आली नाही, याचा त्यांना केवढा आनंद! घरी जाऊन चाचींना मॅच न सांगता तेवढंच सांगत बसले होते.

चाची, मी तुमच्याकडं बघून बोलतोय. शेवटची वर्षं ते सुखात होते. मी रोज बघत होतो. मनात काही लपवायचं उरलं नव्हतं ना, म्हणून असेल.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. वयस्कर माणसांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी उठू नका, बसूनच राहा. चाचांच्या गाडीत म्हातारं माणूस कधी उभं राहिलं नाही. आज त्यांच्यासाठी म्हणून कुणाला उभं केलं, तर मलाच रागावतील.

चाचा, सलाम घ्या आमचा. खुदा हाफिज.