उखादादांचा पट्टा

शहाद्याच्या बस स्टँडबाहेर, चामड्याचं काम करणाऱ्या फकीरचाचांपुढे भूमिका बॅगचा तुटका पट्टा घेऊन उभी होती. तिच्याआधी लोणखेड्याच्या वत्सलाबाई आल्या होत्या. त्यांच्या हातात नवऱ्याचा, उखादादांचा कमरपट्टा.

"आजून आतमा भोक पाडनं का, बाई? मांगे चार महिनामा तीनदा उन्यात तुम्ही."

"नही भाऊ. आते बाहेर पाडनं शे."

"बाहेर?"

"उरेल शेवटलं भोकबी तंग व्हस. टीबीन्या गोया पुऱ्या व्हयन्यात. आते भूक अशी, मन्ही भाकरबी त्यास्नाच ताटमा जास."

"पन जागा कोठे शे? लोंबतं टोक तुम्हीच कापाले लावं व्हतं."

"लावं व्हतं. रोज ते टोक हातमा धरीसन रडेत. मन्हाघाई देखायनं नही."

"मंग नवा तुकडा जोडनी पडी. बठा."

मेणाचा दोरा चामड्यातून सरसर फिरू लागला.

"चाचा, समोर फर्निचरवाल्याकडे ड्रिल आहे. भोकं पटकन पडतील," भूमिका म्हणाली.

"पोरी, ड्रिल चामडाले पीळ देस, कड फाटस. आपला एक घाव बस."

त्यांनी खाली लाकडी ठोकळा ठेवला, वर पोलादी पोकळ नळी धरली, हातोडी उचलली.

"किती पाडू? चार पाडी देस. मानूस खाई ऱ्हायना, तर लागतीन."

"दोनच पाडा."

"नि पुढे?"

"तिसरं पाडाले ते सोता येतीन. लोनखेडाथून, पायी."