म्हातारपण नव्हे

नंदुरबारच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत माझ्यापुढे कोरीट गावच्या दोघी बोलत होत्या.

“सुगंधा, तुन्ही सासू वाचनी म्हणतस?”

“वाचनी ना, माय! हात मोडना म्हनीसन आठे दवाखानामा आनेल व्हती. मंग एकदम चालनं बंद, बोलनं बंद.”

“म्हातारपण, दुसरं काय?”

“आम्हीबी तेच म्हनूत. घर लई जावाले गाडी जुपी, तर डॉक्टरसाहेब आडवा उनात. ‘काल चालणारी बाई आज बसतही नाही, हे म्हातारपण नव्हे,’ बोलनात.”

“ताप व्हता?”

“नव्हता. तरी पाठले नळी लावी, तर छातीमा कफ! औषधन्या नव्या गोया दिन्ह्यात. रोज सोता हात धरीसन तिले चालाडेत.”

“डॉक्टर? सोता?”

“हां. आज सासू माले पहिलासारखी बोलनी, ‘डाळ खारी कशी करी?’ मन्हा डोयामा पानीच उनं.”