इवायाची पुडी

सरजाबाई : मला घुमवू नको, गफूर. ही पुडी तुझ्याच दुकानातली हाय का न्हाई, एवढं सांग.

गफूर : माझीच हाय, मावशी. असरोलची मुळी. कुटून, चाळून मीच बांधली.

सरजाबाई : भाचीनं तर वरचं वाचलं, सर्पगंधा म्हणून.

गफूर : तेच ते. आमच्या यूनानीत असरोल, वैद्याकडं सर्पगंधा.

सरजाबाई : अन् आमच्या खेड्यात येड्याची मुळी! जिभेवर ठेवली, कडू जहर, लगेच वळखली मी. एका मुळीला तीन नावं कामून लागतेत रे? काही झाकायचं असल्याबिगर?

गफूर : झाकायचं काय त्यात? बीपीची दवा हाय ती.

सरजाबाई : बीपीची? माझ्या भावाला, रामकिशनला, येडाचीच म्हणून पाजली ही. बायको मेल्यावर रात्रभर एकटाच बोलायचा बिचारा.

गफूर : दोन्हीला देतेत, मावशी. डोकं थंड करती, झोप आणती.

सरजाबाई : दोन्हीला! मग मी कसं समजू, आमच्या होणाऱ्या इवायाच्या, व्यंकटरावाच्या घरात बीपी हाय का येड? माझी नात लुंबिनी द्यायची हाय त्यांच्या पोराला, प्रीतमला. परवा साखरपुडा हाय!

गफूर : थांबा. ही पुडी व्यंकटराव कंडक्टरसाहेबांची? तुमच्याकडं कशी आली?

सरजाबाई : काल घर बघाया गेलो होतो. चहाच्या डब्यामागं दिसली. आली.

गफूर : आली म्हणजे? पायानं चालत?

(व्यंकटराव दुकानाच्या पायऱ्या चढून येतात.)

व्यंकटराव : गफूरभाई, दुसरी पुडी बांधा. काल पाहुणे येऊन गेले अन्... अरे, जय भीम, इहीणबाई! काल तर मीच तुम्हाला जळकोटच्या गाडीत बसवलं!

सरजाबाई : जय भीम. इथं नरसीलाच उतरले, भाचीकडं ऱ्हायले. अन् इहीण अजून झाले न्हाई.

व्यंकटराव : ही तर माझीच पुडी! सारं स्वयंपाकघर उपसलं आम्ही. घरच्यांचं म्हणणं, मीच ठेवून विसरलो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

सरजाबाई : मी उचलली. आता सरळ सांगा, घरात येडं कोण हाय?

व्यंकटराव : कुणी... कुणी सांगितलं तुम्हाला?

गफूर : कुणी काय सांगणार, साहेब? बीपीची दवा हाय एवढं सांगून टाका न.

व्यंकटराव : बीपीचीच होती हो. पण मला काय होऊन राहिलं, तेच कळेना. जन्मभर एसटीत घंटी मारली, गाडीभर माणसं हसवली. आता भाकरी समोर आली की रडू येतं. कारण काहीच नाही. प्रीतमला बोललो नाही. म्हटलं, एकदा लग्न लागू द्या, मग येडा ठरलो तरी चालेल.

सरजाबाई : कवापासून हे?

व्यंकटराव : दिवाळीपासून.

सरजाबाई : अन् मुळी?

व्यंकटराव : त्याच्या थोडी आधी. जीव लईच खाली गेला, की आणखी एक चिमूट घेतो.

गफूर : या अल्ला! मी सकाळी एकदाच सांगितली होती!

व्यंकटराव : बरं वाटेना म्हटल्यावर माणूस औषधच घेणार ना?

सरजाबाई : तसंच. अगदी तसंच.

गफूर : काय तसंच, मावशी?

सरजाबाई : रामकिशनचं. मुळी सुरू केली अन् बोलणं थांबलं, कोपऱ्यात बसून रडाया लागला. आई म्हणायची, येड वाढलं. द्यायची आणखी एक चमचा. मग आणखी रडायचा.

गफूर : कुणाकुणाचं मन बसतंय हिच्यानं. अब्बा गिऱ्हाइकाला आधी झोप अन् मन इचारायचे. मी इचारलं न्हाई. पुडी द्या इकडं. साहेब, आत्ताच सरकारी दवाखान्यात चला, डॉक्टरला सारं सांगू.

व्यंकटराव : म्हणजे हे मुळीचं आहे? का माझंच?

गफूर : मला न्हाई सांगता येणार.

व्यंकटराव : माझं मलाच कळेना, तर तुम्ही नात कशाच्या भरवशावर देणार, बाई? नाही म्हणा. मी राग धरणार नाही.

सरजाबाई : उठा, मी बी येते दवाखान्यात. परवा ताटावर रडलात, तर लोकं आमच्या वरणाला नावं ठेवतेत.

व्यंकटराव : अन् तुमचा भाऊ? मुळी बंद केल्यावर बरा झाला?

सरजाबाई : न्हाई हो, इवाई. तो मरेस्तोवर येडाच ऱ्हायला. त्याची पुडी कुणी चोरलीच न्हाई.