नखांचं विचारलंत म्हणून

हळद नाही ती, विहीणबाई. पिवळं दिसतंय ते नखच तसं आहे. विहीणबाई म्हणते हां आत्ताच — सुपारी फुटायची आहे अजून, माहीत आहे मला — पण तुमचा सुशांत आणि आमची श्रुतिका खाली फेरी मारायला गेलीत ती काय नुसती हवा खायला? घ्या ना मोदक. तूप सोडू वरून? का हो, ताट का सरकवलंत?

फंगस नाही हो. सगळ्यांना तसंच वाटतं. मलाही वाटलेलं. आमच्या भांडुपच्या डॉक्टरांनीसुद्धा तेच धरलं, वर्षभर औषध लावत बसले नखांना — फरक शून्य. शेजारीण म्हणाली, कडुलिंबाच्या पाण्यात बुडव. बुडवले. मी तर सेफ्टी पिन घेऊन नखाखालचं कोरायची, स्वच्छ दिसावं म्हणून — आणि तीच चूक, बरं का, नख आणखीच उचलायचं. मग मुलुंडच्या त्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी नखाचा तुकडा तपासायला पाठवला, तर फंगस निघालाच नाही. कोपर बघितलं, केसांत बघितलं, सकाळी बोटं आखडतात का विचारलं, आणि म्हणाल्या, सोरायसिस. नखांचा. आधी ती पिन फेकून द्या म्हणाल्या. नखं बारीक कापा, रात्री नखाच्या मुळाशी औषधाचे थेंब लावा, वर व्हॅसलीन, पाण्यातलं काम ग्लोव्हज घालून — आणि धीर धरा, नख मुंगीच्या पावलानं वाढतं. कुणाला लागत नाही तो. हाताला हात लावा, एका ताटात जेवा, काही होत नाही. आपल्याच अंगातलं बिघडलेलं असतं ते, बाहेरून आलेलं नसतं.

मोदक? ग्लोव्हज घालूनच वळलेत हो. माझ्या ऑर्डरी असतात गणपतीत, सगळे ग्लोव्हजनीच — फक्त कळ्या जरा जाड येतात, रबर उकडीला चिकटतं ना. हो... तुमच्या ताटातल्या बारीक आहेत. अहो, मुलाची आई पहिल्यांदा घरी येणार, देवगडकडची बाई, मोदकाची कळी बघून घर ओळखणारी — तिच्यापुढे जाड कळीचा मोदक ठेवू? काढले ग्लोव्हज. तुमच्यापुरते काढले. हात साबणानं घासून धुतले होते, तुमची शप्पथ. श्रुतिका ओरडत होती, आई, तुला लपवायचं काय आहे एवढं? ती तशीच. सकाळी म्हटलं, नेलपेंट लाव गो बाय, नुसतं फिकं गुलाबी, तर नाही म्हणजे नाही —

कशाला म्हणजे? असंच हो. पाहुणे येणार म्हणून. मुली लावतातच की.

तिच्या अंगठ्याचं ना. बघितलंत तुम्ही. चहा देताना बघितलंत. लहानपणी दारात सापडला होता तो — नाही. नाही सापडला. सुईनं टोचल्यासारखे खड्डे आहेत, तेवढेच, गेल्या दिवाळीपासून. माझ्या वडिलांना होतं, मग मला, आता तिला. औषध चालू आहे. आणि आम्ही फसवत नाही हां कुणाला, सुशांतला सगळं माहीत आहे, तोच तर दर वेळी तिला डॉक्टरकडे घेऊन —

त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?

सांगेल हो. सांगणार असेल. मुलगे आईला सांगायला जरा... काय म्हणालात? नातवंडांना? होईलच असं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. होणारच नाही असंही नाही म्हणाल्या. लिहून? डॉक्टरांकडून लिहून आणू, पुढे कुणाला होणार नाही म्हणून? अहो, पोरगी आहे ती माझी, मिक्सर नाही वॉरंटी कार्ड लावून द्यायला! सुशांतच्या बाबांना शुगर, तुम्हीच सांगितलंत मघाशी — मी मागितलं काही लिहून?

नाही, रागावले नाही. मी कशाला रागावू? उठा तुम्ही, बोरिवली काय जवळ आहे? पोरांना फोन नका करू, येतील ती त्यांची ती. काय ठरवायचं ते ठरवू दे त्यांना. पर्स राहिली बघा तुमची सोफ्यावर. आणि डबा भरून ठेवलाय मोदकांचा, तुमच्यासाठी... नको. राहू दे. चपला दाराशीच आहेत तुमच्या.