धरून सोडायचा खेळ

चहा निवू द्या जरा, तवर आमच्या संभाचं सांगतो. संभा माझा पुतण्या, फौजेत हाय. कबड्डी तो देशाकडनं खेळलेला. त्यानं घोटा धरला की गडी जागचा हलायचा न्हाई. ती पकड बघून फौजेतल्या सायबानं त्याला रग्बीत घातला. म्हणाला, "ह्यातबी देशाकडनं खेळशील."

पुण्याला निवड होती, मीबी गेलो. बॉल घेऊन पळणारा गडी संभानं झटक्यात पाडला. पण रग्बीत पाडला की सोडायचा असतोय, आणि ह्यो घोटा धरूनच बसला. पंच शिट्टी फुंकून दमला.

"अरे, सोड त्याला!"

"कसं सोडू सायेब? ह्याचा दम अजून गेला न्हाई!"

असं तीनदा झालं. सायेब म्हणाला, "पंधरा दिवसांनी शेवटची संधी. तवा चुकलास तर रग्बी बंद."

संभा तोंड पाडून कोरेगावला आला. मी म्हणलं, "गड्या, सवयच हाय ती, मोडंल." दावणीचा बोकड मोकळा केला. रोज सकाळी संभानं बोकड धरायचा, मी "सोड" म्हणलं की सोडायचा. पुढं पुढं मला म्हणायचीबी गरज राह्यली न्हाई. निवड झाली, परदेशात खेळून आला.

औंदा जत्रेत कबड्डीचा सामना तासगावशी. शेवटची चढाई. त्यांचा गडी धरला की आमी जिंकलो. संभानं घोटा धरला, गडी आपटला, गाव उठून उभं राह्यलं. आणि संभानं सोडला की वो त्याला!

आमच्या कप्तानानं हात जोडले. "संभा, तू आपला देशाकडनंच खेळ."